घट्ट की सैल

टिंगूचा आवाज फुटला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता.

हार्मोनची औषधं सुरू करून काही महिने झाले होते. एका सकाळी दूधवाल्याला "आज अर्धाच लिटर" म्हणताना आवाज मध्येच घसरला, जिना उतरल्यासारखा खाली गेला आणि तिथेच राहिला. दूधवाल्याने विचारलं, "सर्दी?" टिंगू "हो" म्हणाला, दार लावलं आणि एकटाच खोलीभर नाचला. त्या दिवशी त्याने ज्याला त्याला फोन केले. काही कारण नसताना गॅसवाल्यालासुद्धा केला, आणि तो पलीकडून "बोला साहेब" म्हणाला तेव्हा टिंगूला काय बोलायचं तेच सुचेना.

टिंगू हे घरातलं नाव. वर्गात सगळ्यांत बुटका म्हणून लहानपणी पडलेलं. शाळेत दुसरं होतं, मुलीचं. ते त्याने दोन वर्षांपूर्वी टाकलं, आई आणि ताईला समोर बसवलं आणि सांगितलं की मी मुलगी नाही, कधीच नव्हतो. ताई बराच वेळ नखं बघत बसली. आई गॅस बंद करायला म्हणून उठली ती परत बाहेर आलीच नाही. वडील नव्हते, म्हणजे टिंगू तीन वर्षांचा असतानाच गेले होते, त्यामुळे आणखी कुणाला सांगायचं राहिलं नाही.

एक बरं होतं. 'टिंगू आला' म्हणता येई आणि 'टिंगू आली'ही म्हणता येई, त्यामुळे हाक मारायची पंचाईत झाली नाही. पुढच्या बोलण्याची झाली. आईने त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला. ती 'जेवलास का' म्हणेना आणि 'जेवलीस का'ही म्हणेना. 'जेवण झालं?' म्हणे. 'कुठे होतास' विचारायचं तिथे 'फोन लागत नव्हता' म्हणे. दोन वर्षं ही बाई प्रत्येक वाक्याला असा वळसा घालून बोलत होती, आणि एकदाही घसरली नव्हती. टिंगूला कधी कधी वाटे, एवढे कष्ट घेण्यापेक्षा एकदा सरळ चुकली असती तर भांडता तरी आलं असतं.

दिवसा तो एका स्टुडिओत लहान मुलांच्या गाण्यांसाठी नाचणारी गाजरं काढायचा. संगणकावर. गाजराला बूट, गाजराला टोपी, गाजर डावीकडे, गाजर उजवीकडे. घरी आल्यावर मात्र कागद आणि पेन्सिल. खाली दिवा असलेली काच, काचेच्या कडेला दोन खुंट्या, खुंट्यांत अडकवलेला भोकं पाडलेला कागद. त्यावर दुसरा कागद ठेवला की खालचं चित्र अंधूक दिसतं. ते जरासं सरकवून वरच्या कागदावर परत काढायचं. मग तिसरा कागद. एका सेकंदाच्या हालचालीला बारा चित्रं. असं करत त्याने तीन वर्षांत सात मिनिटांची एक फिल्म काढली होती. खाटेखाली, कपाटावर, न्हाणीघराच्या माळ्यावर, सगळीकडे त्या फिल्मचे गठ्ठे.

फिल्ममध्ये एक मूल होतं आणि त्याची वेणी. वेणी रोज वाढायची. घरात मावेना म्हणून खिडकीतून बाहेर काढली, तर समोरच्या इमारतीपर्यंत गेली. मग आई तिच्यावर ओले कपडे वाळत घालू लागली. ते बघून शेजारीही घालू लागले. साऱ्या गल्लीचे शर्ट, चादरी, मोजे त्या वेणीवर, आणि दुसऱ्या टोकाला खिडकीत बसलेलं ते मूल. मान हलवली तर कुणाचा तरी शर्ट पडेल म्हणून हलायची चोरी. पुढे मूल मोठं होतं, तेव्हा घरातली माणसं त्याच्या झग्यात, छातीवर, दोन किटल्या ठेवतात. खाली मंद आच. सगळे खूश. मूल पाठ वाकवून चालतं, कारण सरळ झालं की उकळतं पाणी सांडतं. शेवटी ते दातांनी वेणी तोडतं. गल्लीभर कपडे पडतात, माणसं धावत येतात, आपापले शर्ट उचलतात, ते झटकतात, भांडतात. वर कुणी बघत नाही.

या सगळ्यावर त्या मुलाचा आवाज होता. तो टिंगूचाच, जुना, बारीक, औषधं सुरू करायच्या आधी मोबाइलवर घेतलेला. आणि वेणी तुटल्यावर एकदम टिंगूचा आताचा आवाज यायचा, "वर बघा. मी इथे आहे." दोन्ही आवाज एकाच गळ्यातले आहेत हे ऐकणाऱ्याला कळायला हवं होतं. सगळी मेख त्यात होती.

फिल्म एका महोत्सवात निवडली गेली. तीन दिवस टिंगू हवेत होता. चौथ्या दिवशी महोत्सवातल्या एका तांत्रिक माणसाचा फोन आला.

"चित्रं छान आहेत. पण आवाजामागे घरघर आहे. फ्रिज होता का खोलीत?"

"होता."

"मोठ्या हॉलमध्ये ती घरघर ट्रॅक्टरसारखी ऐकू येते. आम्ही लावून बघितलं. त्या मुलीकडून परत म्हणवून घ्या आणि आठवडाभरात पाठवा."

"ती मुलगी आता नाहीये," टिंगू म्हणाला.

"अरेरे," तो माणूस म्हणाला. "सॉरी हं. माहीत नव्हतं."

"तसं नाही हो, म्हणजे ती—"

"नाही नाही, समजू शकतो. तरी आवाजाचं तेवढं बघा." आणि त्याने फोन ठेवला.

टिंगूने फ्रिजला एक लाथ घातली. फ्रिजला काही झालं नाही, अंगठा सुजला.

ओळखीचा एक साउंडवाला होता. जाहिरातींचे आवाज घ्यायचा. काचेने दुभागलेली एकच खोली, अर्ध्यात माइक, अर्ध्यात तो आणि त्याची यंत्रं. त्याने आधी घरघर पुसून बघितली. घरघर गेली, पण तिच्याबरोबर अर्धा आवाजही गेला. उरलं ते विहिरीच्या तळातून कुणीतरी हाका मारतंय असं. मग टिंगूने स्वतः परत सगळं म्हटलं आणि साउंडवाल्याने यंत्रावर तो आवाज वर चढवला. दोघांनी ऐकलं.

"उंदीर," साउंडवाला म्हणाला.

"त्याहून वाईट. शहाणा उंदीर."

मग एक बाई बोलावली. आकाशवाणीवर बातम्या द्यायची तिला वर्षानुवर्षांची सवय. गोड गळा, स्वच्छ उच्चार. तिने 'वेणी' हा शब्द असा म्हटला की त्यात गजरा दिसू लागला. टिंगूने तिला सांगितलं, "जरा कंटाळून म्हणा. रोज सकाळी तेच तेच." ती म्हणाली, "हो हो," आणि पुन्हा गोड म्हटलं. पाचव्यांदा टिंगूचा तोल गेला. "अहो, त्या मुलाला मान हलवता येत नाहीये!" बाईने पर्स उचलली आणि निघून गेली.

"तू माणसं तोडतोस," साउंडवाला म्हणाला.

"मला माझा आवाज पाहिजे."

"मग घालवलास कशाला?"

हे तो सहज म्हणाला होता. पण टिंगू बाहेर येऊन जिन्यात बसला. ज्या आवाजाला वैतागून तो वर्षानुवर्षं अनोळखी फोन उचलत नव्हता, दुकानात बोटाने वस्तू दाखवायचा, तो एकदाचा गेला म्हणून पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आता तोच आवाज दारोदार शोधत फिरायची पाळी आली. आणि तो कुठे आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लहानपणी फोन घेतला की आईसुद्धा पलीकडून विचारायची, "कोण, थोरली की धाकटी?"

ताई एका इस्पितळात रक्त काढायची. तपासणीसाठी येणाऱ्यांची रांग, एक खुर्ची, एक ट्रे. टिंगू रांगेत उभा राहिला, कारण नुसतं आत गेलेलं तिला चालत नसे. नंबर आल्यावर खुर्चीत बसला.

"मूठ आवळ," ताई सवयीने म्हणाली आणि मग वर बघितलं. "तू? काय झालं?"

टिंगूने सांगितलं. मागचा म्हातारा खाकरत होता म्हणून भराभरा सांगितलं. ताईने हातमोजे काढले नाहीत.

"म्हणजे मी काय करायचं?"

"वाचायचं. चार मिनिटांचं बोलणं आहे. तुझा आवाज तसाच आहे."

"कसाच?"

"माझ्यासारखा. म्हणजे पूर्वीच्या."

ताईने ट्रे बाजूला सरकवला. "दोन वर्षांपूर्वी तू आम्हाला सांगितलंस, ती मुलगी कधी नव्हतीच. मी मान्य केलं. कपाटातले फोटो काढले, आईशी भांडले, जीभ चावून चावून बोलायला शिकले. आणि आता मी येऊन ती व्हायचं? जी नव्हतीच ती?"

"घरघर आहे गं," एवढंच तो म्हणाला.

"ओ, रक्त काढताय की गप्पा मारताय?" मागचा म्हातारा म्हणाला.

"काढतेय, काका, काढतेय." ताईने टिंगूला हाताने उठवलं. "शनिवारी अर्धा दिवस सुट्टी आहे. तासाभरात सोडायचं मला. आणि पुढच्या वेळी उपाशी पोटी ये, हिमोग्लोबिन बघू. पिवळा पडलायस."

शनिवारी ती आली ती डबा, छत्री आणि वाचायचा चष्मा घेऊन. साउंडवाल्याने "या ताई, बसा" म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही कशाला ताई म्हणता? तुम्ही माझ्याहून मोठे दिसता." मग काचेपलीकडे जाऊन बसली, कानांवर ते भलेमोठे हेडफोन चढवले आणि कागद डोळ्यांसमोर धरला.

पहिलंच वाक्य होतं, 'मी सकाळी उठते तेव्हा वेणी माझ्या आधी उठलेली असते.'

ताईने ते म्हटलं. आवाज तोच होता, हुबेहूब. टिंगूच्या अंगावर काटा आला, आणि लगेच उतरला. कारण ताई ते अशा सुरात म्हणाली होती की पुढे 'जरासं टोचेल हं' येणार असं वाटावं.

"ताई, इस्पितळात नाहीयेस."

"मग कुठे आहे मी?"

"खिडकीत. हलता येत नाहीये. वैतागली आहेस."

"वैतागलेलीच आहे," ताई म्हणाली. "पुढे सांग."

पुढे दुसराच घोळ सुरू झाला. कागदावर होतं 'मी शाळेत गेले'. ताईने वाचलं, 'मी शाळेत गेलो'. टिंगूने थांबवलं. तिने परत वाचलं, 'गेलो'. पुढे 'मी दारात थांबले' होतं, तिथे 'थांबलो'.

"ताई, 'गेले' लिहिलंय."

"चुकून लिहिलंयस. मी नीट करून वाचतेय."

"चूक नाहीये. त्या मुलाला सगळ्यांनी तसंच बोलायला शिकवलंय, म्हणून ते 'गेले' म्हणतंय. वेणी तुटेपर्यंत."

ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी आरशासमोर उभी राहून 'टिंगू गेला, टिंगू आला' म्हणत होते. नवरा हसायचा. एकदा तुझ्यासमोर 'आलीस' तोंडातून गेलं तर तू जेवता जेवता उठून गेलास. आणि आज, मी काही चुकत नसताना, मला म्हणतोस 'गेले' म्हण? तुला नक्की काय पाहिजे ते एकदा ठरव आणि सगळ्यांना कळव!"

"ही फिल्म आहे, ताई!"

"मग जेवताना काय होतं?"

साउंडवाल्याने घड्याळ बघितलं. "मला पाचला दुसरं बुकिंग आहे," तो कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं बोलला.

टिंगूने डोकं धरलं. चित्र पुढे दिसल्याशिवाय हिला कळणार नाही, असं त्याला वाटलं. त्याने साउंडवाल्याला सांगून काचेपलीकडच्या पडद्यावर फिल्म लावली. ताईने ती अजून बघितली नव्हती. टिंगूने कधी दाखवली नव्हती, तिनेही कधी मागितली नव्हती.

ती वाकून बघत होती. गल्लीभर वाळणारे कपडे आले तेव्हा हसली. "ती निळी चादर आपली आहे," म्हणाली. आणि मग सकाळचा प्रसंग आला. छत उघडतं, वरून दोन प्रचंड हात खाली येतात. नुसते हात. चेहरा नाही, खांदे नाहीत. बोटांच्या जागी कंगव्याचे दात. ते मुलाचं डोकं धरतात आणि केस ओढायला लागतात, असे ओढतात की मुलाचे डोळे कानांकडे सरकतात.

ताईने फिल्म शेवटपर्यंत वाकूनच बघितली. मग विचारलं, "ते हात कुणाचे?"

टिंगू म्हणाला, "कुणाचे म्हणजे... असेच. सगळ्यांचेच."

"आपल्या घरी वेणी कोण घालत होतं?"

टिंगूने पडद्याकडे बघितलं.

"आईची सकाळची पाळी. ती काळोखात निघायची. तुला कोण उठवत होतं, कोण आंघोळीला ढकलत होतं? मी चौदा वर्षांची होते. माझी शाळा तुझ्या आधी भरायची. रोज उशिरा पोहोचायचे, रोज वर्गाबाहेर उभी राहायचे, कारण हिच्या... तुझ्या केसांत गुंता असायचा. आणि त्याची ही अशी तू..." तिला शब्द सापडेना. "कंगव्याची भुतं केलीस."

"मला तसं वाटायचं, ताई. लहानपणी. वाटायचं ते काढलं."

"वाटेना का. मी कुठे नको म्हटलं? चल, सांग पुढचं."

आणि ती वाचायला लागली. आता ती वैतागून वाचत होती, खरंच वैतागून, आणि त्यामुळे छान वाचत होती. 'गेले' म्हटलं, 'थांबले' म्हटलं. साउंडवाल्याने काचेतून अंगठा दाखवला. मग ते वाक्य आलं. हात केस ओढत असतानाचं. 'मला कधीच कुणी काही विचारलं नाही.'

ताईने कागद खाली केला.

"हे मी म्हणणार नाही."

"का?"

"खोटं आहे. मी विचारायचे. रोज विचारायचे. घट्ट की सैल?"

टिंगूने काचेवर हात आपटला. "ताई, हे कोर्ट नाहीये! फिल्म या वाक्यावर उभी आहे!"

"उभी राहू दे नाहीतर आडवी पडू दे. आवाज पाहिजे तर आवाज घे. माझ्या आवाजात खोटं नाही बोलणार मी."

"एक वाक्य! एक वाक्य म्हण आणि जा!"

"घट्ट की सैल, विचारायचे की नाही मी? आधी ते सांग."

विचारायची. टिंगूला आठवत होतं. कंगवा तोंडात धरून, रबर मनगटात घालून, घाईने, डोक्यामागून, 'घट्ट की सैल, लवकर सांग.' आणि तो नेहमी 'सैल' म्हणायचा आणि ती नेहमी घट्टच घालायची, कारण सैल घातली तर दुपारपर्यंत सुटायची आणि बाई चिठ्ठी पाठवायच्या.

"घट्ट की सैल ते विचारायचीस," तो म्हणाला. आवाज चढला होता, आणि चढल्यावर तो अजून कधी कधी फाटायचा, तसा फाटला. "घालू की नको, हे कधी विचारलंस?"

काचेपलीकडून ताईचा आवाज स्पीकरमधून आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"आणि मला कोणी विचारलं होतं? घालशील का म्हणून?"

साउंडवाला उठला, "चहा सांगून येतो," म्हणाला आणि बाहेर गेला.

टिंगूला खरं तर खूप राग आला होता. तो ताईवर होता की स्वतःवर, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तीन वर्षं तो त्या हातांची चित्रं काढत होता. शंभरेक कागद असतील नुसत्या हातांचे. एकदाही मनात आलं नाही की हात वरून येतात म्हणजे त्यांना वर काहीतरी असणार. त्याने पेन घेतलं, काचेला बगल देऊन आत गेला, ताईच्या हातातला कागद ओढला आणि वाक्यावर काट मारली. वर लिहिलं, 'मला फक्त एवढंच विचारायचे, घट्ट की सैल?'

"हे चालेल?"

ताईने चष्मा सारखा केला. "कोण विचारायचे?"

"हात."

"हं." तिने दोनदा मनात वाचलं. "हे खरं आहे."

साउंडवाला आल्यावर तिने ते एकदाच म्हटलं. कसलाही सूर न लावता, कंगवा तोंडात धरल्यासारखं. परत घ्यावं लागलं नाही. मग डबा उघडून तिघांना वाढलं आणि टिंगूला म्हणाली, "माणसांवर असं ओरडत जाऊ नकोस. ती बातम्यांची बाई उगाच नाही पळाली."

"तुला कुणी सांगितलं?"

तिने साउंडवाल्याकडे बोट दाखवलं. तो खाली मान घालून जेवत होता.

फिल्म दुपारच्या खेळात दाखवली गेली. हॉल अर्धा भरला होता. आईचा सकाळी फोन आला, "गुडघे धरलेत, येणं जमणार नाही. सगळं नीट होवो." टिंगू ताईबरोबर शेवटच्या रांगेत बसला. घरघर नव्हती. पण किटल्या आल्या तेव्हा लोक खदाखदा हसले, जिथे तीन वर्षं काढताना त्याला एकदाही हसू आलं नव्हतं. वेणी तुटल्यावर त्याचा आवाज आला, "वर बघा," तर पुढच्या रांगेतल्या एका माणसाने खरोखरच छताकडे बघितलं. दोन आवाज एका गळ्यातले वाटले की नाही, हे टिंगूला कुणाच्या चेहऱ्यावरून कळेना.

खेळ संपल्यावर सूत्रसंचालक बाईंनी दोघांना पुढे बोलावलं आणि ताईकडे हात करून सांगितलं, "आणि हा आवाज यांचा." झालं. बाहेर आल्यावर सगळे ताईभोवती जमले. चहाचे कप सांभाळत टिंगू बाजूला उभा. एका तरुण मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुम्ही किती धीराने सांगितलंत," ती ताईला म्हणाली. "तुमचा प्रवास फार खडतर झाला असेल ना?"

"नाही हो," ताई म्हणाली. "दोन बस बदलाव्या लागल्या, बाकी काही नाही."

टिंगूच्या हातातला चहा सांडला. त्या मुलीला काय करावं ते कळेना. ताईला दोन-तीन क्षणांनी उलगडा झाला आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. "अय्या, ते मी नाही! ते हा! हा माझा भाऊ. हे सगळं याने काढलंय, याच्यावर बेतलंय. मी नुसती वाचायला आले होते."

मुलगी टिंगूकडे वळली, त्याची दाढी बघितली, ताईकडे बघितलं, पुन्हा दाढी बघितली. "अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही यांच्यावर फिल्म केलीत."

"नाही," टिंगू म्हणाला.

"हो," ताई म्हणाली, कारण त्या गडबडीत तिला प्रश्न नीट ऐकूच आला नव्हता.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. टिंगूने तीन वर्षं खपून केलेली गोष्ट त्या मुलीने उलटी घरी नेली होती, आणि तिला थांबवून समजावण्याचं त्राण त्याच्यात नव्हतं. बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी मिळालं, एका बोटीवरच्या फिल्मला. शेवटी ताई म्हणाली, "त्या हातांना चेहरा काढ."

"फिल्म झाली, ताई. संपली."

"संपली तर संपली. तरी काढ."

"असं नाही करता येत. बाराच्या हिशेबाने परत सगळी चित्रं—"

"मी रविवारी येते," ताई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

रविवारी ती खरंच आली. टिंगूने खाटेवरचे गठ्ठे खाली ठेवून तिला बसायला जागा केली. दिवा लावला, खुंट्यांवर हातांचा जुना कागद चढवला, त्यावर कोरा. हातांच्या वर मनगटं आली, बाह्या आल्या, खांदे आले. इथवर सोपं होतं. मग चेहरा.

जन्मापासून तो हा चेहरा बघत होता, आणि कागदावर तो येईना. डोळे जमले तर हनुवटी जाई. खोडरबराने कागद खरवडला गेला. दुसरा घेतला. ताई एकीकडे फोनवर इस्पितळातल्या कुणालातरी उद्याच्या पाळीबद्दल झापत होती.

"हलू नकोस."

"मेले नाहीये अजून मी."

"तोंड हलवू नकोस निदान."

"तोंड हलवत नसलेली मी कधी बघितलीस का तू? ते काढशील तर ती मी वाटेन का?"

तेही खरंच होतं. टिंगूने तोंड उघडं काढलं. भुवया वर काढल्या. कपाळावर घाईची आठी काढली. पेन्सिल खाली ठेवून मागे सरकला. ताई फोन कानाला लावूनच उठली, त्याच्या खांद्यावरून वाकली आणि "नंतर बोलते" म्हणून फोन बंद केला.

"ही आई आहे," ती म्हणाली.

टिंगूने बघितलं. आईच होती. पहाटे निघायच्या घाईतली, तरुण, आत्ताच्या ताईएवढी.

"शी," तो म्हणाला आणि कागद खुंट्यांवरून ओढला.

"फाडू नकोस. इकडे दे."

"तिला दाखवू नकोस हं."

"बघते," ताई म्हणाली. कागद दुमडून तिने पर्समध्ये ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. "मला निघायला हवं."

"दहा मिनिटं बस."

"पाच."

टिंगूने नवीन कागद चढवला. "मग नीट बस," तो म्हणाला, "आणि बोलत राहा."